माळ्यावर वाकलेली गाडी

७ एप्रिल २०२४, रविवार. पाडवा दोन दिवसांवर आलेला, म्हणून आईला माळा आवरायला मदत करायला मी माहेरी, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गेले होते. वर पत्रा, त्यात एप्रिलचं ऊन. दहा मिनिटांत अंगातून घामाच्या धारा लागल्या. जुनी पितळी भांडी, पाट, दादाची कॉलेजची पुस्तकं उतरवली आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यातली लोखंडी ट्रंक सरकवली. तिच्याखाली गाडीचा खोका होता. झाकण आत दबलेलं. उघडायच्या आधीच पोटात गोळा आला.

ही रिमोटची गाडी १९९८ सालची. आण्णा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे धातूच्या ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणारे. कारखान्यात जपानी मशिन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं परत जाताना आण्णांच्या हातचं लाकूडकाम बघून हा किटचा खोका त्यांना भेट दिला होता. १/१० मापाची पिकअप, लाल रंगाची, कडक प्लास्टिकच्या बॉडीची. मी तेव्हा तेरा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी ती जोडली. स्क्रू मी द्यायचे, आवळायचे ते. सोबतच्या पुस्तिकेची भाषा जपानी, पण चित्रं स्पष्ट होती, आणि आण्णांना चित्र वाचायची सवय होतीच.

आता त्या गाडीचं बॉनेट मधोमध खाली बसलं होतं. उजवा मडगार्ड बाहेर फाकला होता. मागच्या हौद्याची एक बाजू पीळ पडल्यासारखी फिरली होती, पुढचा बंपर वर वळला होता, आणि काचेच्या उजव्या खांबाच्या बुडाशी दीड इंचाची चीर. पट्टी आडवी धरून मोजलं तर बॉनेट ९ मिलीमीटर खाली.

ट्रंक आण्णांनीच तिथं ठेवली होती, सहा-सात वर्षांपूर्वी. ते काही बोलले नाहीत. खोका हातात घेऊन व्हरांड्यात जाऊन बसले. त्यांचं ते गप्प बसणं बघूनच मी ठरवलं की ही बॉडी सरळ करायची.

मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. प्लास्टिकच्या कामाचा मला काडीचा अनुभव नव्हता. सुरुवातीला माहिती शोधताना फार गोंधळ झाला, कारण जो तो वेगळंच सांगतो. कुणी म्हणतं उकळत्या पाण्यात घाला, कुणी हेअर ड्रायर, कुणी थेट मेणबत्ती. प्रत्येकाचं खरं असतं, पण ते त्याच्या प्लास्टिकपुरतं. हे कळायला मला दोन आठवडे लागले, म्हणून ते आधीच सांगते.

आण्णांना मी हे सगळे उपाय वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "आधी वळख, काय हाय ते. बीड हाय का पोलाद हाय न बघता कुणी भट्टीत घालतंय व्हय?"

बीड म्हणजे ओतीव लोखंड. तर ओळखण्यापासून सुरुवात. बऱ्याच भागांच्या आतल्या बाजूला बाणाच्या दोन खुणांमध्ये अक्षरं कोरलेली असतात: एबीएस, पीसी, पीपी, पीए. पीए म्हणजे नायलॉन, पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन; एबीएस हे एक कडक प्लास्टिक. पुढं जीएफ आणि आकडा असेल तर त्यात काचेचे तंतू मिसळलेले आहेत. आमच्या गाडीवर अशी खूण कुठंच सापडली नाही. मग खोक्यात पडून राहिलेले फ्रेमचे तुकडे, म्हणजे किटचे भाग ज्या कांड्यांना चिकटून येतात त्या कांड्या, कामी आल्या. आण्णांनी त्या सव्वीस वर्षं एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या.

साध्या पाण्यात तुकडा टाकला की पॉलिप्रॉपिलिन तरंगतं, बाकीची बुडतात. मग एक लिटर पाण्यात दीडशे ग्रॅम मीठ विरघळवलं. त्यात बॉडीच्या कांडीचा तुकडा वर आला, बंपरच्या कांडीचा तळाशीच राहिला. पहिला एबीएस किंवा पॉलिस्टायरीन असणार, दुसरा नायलॉन. खात्रीसाठी दोन्हीवर ॲसिटोनचा एकेक थेंब. बॉडीचा तुकडा बोटाला चिकट लागला, बंपरच्या तुकड्याला काही झालं नाही. नेलपॉलिश काढायचं द्रव यासाठी वापरू नका. त्यात तेल आणि सुगंध असतो, काहींत तर ॲसिटोन नसतंच. जाळून वासावरून ओळखायची एक पद्धत सांगतात, ती मी केली नाही. प्लास्टिकचा धूर घरात नको.

आमच्या पिकअपची बॉडी आम्ही एबीएसची धरली. हे प्लास्टिक साधारण १०५ अंशांच्या आसपास मऊ पडतं. आता इथं एक प्रश्न मला छळत होता. माळ्यावर काही १०५ अंश तापमान होत नाही, मग बॉडी वाकली कशी? याला क्रीप म्हणतात. पत्र्याखालची ऊब आणि वरून सतत वजन असेल तर प्लास्टिक वर्षानुवर्षं कणाकणानं सरकत राहतं. एका दिवसात काहीच दिसत नाही. हे आण्णांना सांगितल्यावर त्यांना थोडं हलकं वाटलं असावं. ट्रंक ठेवली त्या दिवशी काही मोडलं नव्हतं.

याच काळात दुसरा मार्गही चाचपून पाहिला: नवी बॉडीच मागवायची. या मॉडेलची बॉडी आता बनत नाही. परदेशात एकाकडं जुनी, न वापरलेली होती, १८,५०० रुपये सांगत होता, वर वाहतूक वेगळी. तो विचार सोडला. पण पुढची जाळी आणि काचांचा संच मात्र स्वस्तात मिळत होता आणि आमची काच धुरकट झाली होती, म्हणून २४ एप्रिलला तेवढा मागवला. याची हकीकत थोडी सविस्तर लिहिते, कारण पहिल्यांदा मागवणाऱ्याला ती उपयोगी पडेल.

खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र लागतं. म्हणून पार्सलवर काय लिहिलंय याला महत्त्व आहे. विक्रेत्याला आधीच लिहून कळवा की बिलावर भागाचं नेमकं वर्णन द्या. नुसतं ‘खेळणं’ असं मोघम लिहू नका आणि किंमत खरीच लिहा.

२ मे रोजी पार्सल मुंबईत पोचल्याचं दिसलं. ३ तारखेला कुरिअरकडून मेल: ओळखपत्र, बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि वस्तू कशासाठी आहे याचं सहीचं पत्र पाठवा. ४ तारखेला सगळं पाठवलं. ८ तारखेला पुन्हा मेल, नाव जुळत नाही. ज्या खात्यावरून मागवलं ते लग्नाआधीचं, त्यावर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीच्या दाखल्याची स्वसाक्षांकित प्रत आणि दोन ओळींचं पत्र ९ तारखेला पाठवलं, तेव्हा ते मान्य झालं. १४ मे रोजी आकारणी आली. भाग आणि वाहतूक मिळून ३,४६० रुपये झाले होते, त्यावर शुल्क, कर आणि कुरिअरचा हाताळणी आकार मिळून २,०७०. १८ मे रोजी खोका घरी. एकूण चोवीस दिवस. त्यातले पाच-सहा दिवस केवळ आडनावापायी गेले, म्हणून बायकांना खास सांगते: मागवताना आधारवरचंच नाव टाका.

ते पार्सल येईपर्यंत आमचं खरं काम सुरू झालं होतं.

पहिली पायरी रंग काढण्याची. रंगासकट तापवलं तर रंग तडकतो, त्याचे पापुद्रे मऊ प्लास्टिकमध्ये रुततात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अर्धा लिटरचा डबा २२० रुपयांना घेतला. त्यात भिजवलेल्या फडक्यात बॉडी गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून रात्रभर ठेवली आणि सकाळी जुन्या टूथब्रशनं घासली. असं तीन रात्री. थिनर लावायचा मोह होतो, पण थिनर एबीएसला खातो.

भंगारवाल्याकडून कॉम्प्युटरचे दोन जुने कीबोर्ड ८० रुपयांना आणले. आत एबीएस असं स्वच्छ कोरलेलं. गाडीला हात लावण्याआधी आठ दिवस मी त्या कीबोर्डच्या पाठी वाकवल्या आणि सरळ केल्या. हे टाळू नका. घरातला हेअर ड्रायर पुरला नाही. प्लास्टिक ऊन व्हायचं, वाकायचं नाही. वाकवायला जोर लावला की घडीवर पांढरी रेघ उमटायची. ती रेघ म्हणजे प्लास्टिक आतून सूक्ष्म फाटल्याची खूण. थंड प्लास्टिकवर जोर लावायचा नाही, एवढं त्या रेघांनी शिकवलं.

मग उद्यमनगरात जाऊन हीट गन घेतली, १,२५० रुपये, तापमान कमी-जास्त करता येणारी. आणि लांबून तापमान सांगणारा थर्मामीटर, ८९० रुपये. करोनाच्या काळात घेतलेला कपाळावर धरायचा थर्मामीटर घरी होता, पण तो तापाच्या मापापुरताच. ४२-४३ अंशांच्या वर आकडाच दाखवत नाही. नवा थर्मामीटरही चकचकीत पृष्ठभागावर चुकतो. काळ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून त्यावर माप घेतलं की बरोबर येतं.

इकडं आण्णांनी त्यांचं काम काढलं होतं. मी त्यांना फक्त विचारलं होतं की बॉनेट गरम असताना दाबायचं कशावर. तळहाताने दाबलं की बोटांचे पोचे पडत होते. ते म्हणाले, पॅटर्न करूया.

पाचच वर्षांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हात हल्ली थोडा थरथरतो. त्यांनी पटाशी, रंधा, कानस काढून तेल दिलं. बॉनेटची डावी कड शाबूत होती. पुठ्ठ्याचे सात काप घेऊन त्यांनी दर दोन सेंटिमीटरवर त्या कडेचा आकार उतरवला आणि पुठ्ठा उलटा करून उजवीकडं लावला. सागवानाचा जुना ओंडका घरात होताच. सहा दिवस रोज सकाळी दोन तास. फुटबॉलचा सामना असला की काम बंद, पेठेतला माणूस आहे तो. सातव्या दिवशी ठोकळा तयार, पॉलिशपेपरनं असा घासलेला की हात फिरवत राहावंसं वाटावं.

मी मोजलं तर मधोमध तो दीड मिलीमीटर जास्त फुगीर होता. चुकलं असं वाटून मी सांगितलं. ते म्हणाले, "चुकलं न्हाई, दिलंय. बिडाचा जॉब गार हुताना आकसतोय, म्हणून आमी पॅटर्न मोठा धरतोय. हे तुजं प्लास्टिक गार झालं की मागं फिरणार. त्याला जागा नको?"

खरोखर तसंच होतं. कीबोर्डच्या पाठी दर वेळी थोड्या मागं यायच्या, आणि मी ते माझ्या हाताचा दोष समजत होते.

७ मे ही लोकसभेच्या मतदानाची तारीख. सकाळी लवकर मत देऊन आले, दुकान बंद, दिवस मोकळा. त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या बॉडीला हात घातला.

आधी गरम पाणी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळं आपल्याकडं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. म्हणजे एबीएस पुरतं मऊ पडत नाही, पण त्याच्या अगदी जवळ पोचतं, आणि कुठलाही कोपरा जळायची भीती नसते. आईचं पुरणाचं मोठं पातेलं घेतलं. तळाला फडकं घातलं, म्हणजे प्लास्टिक तापलेल्या धातूला टेकत नाही. बॉडी दहा मिनिटं पाण्यात धरली.

बाहेर काढली आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. कुणीही न दाबता बॉनेट वर आलं होतं. मोजलं तर ९ चे ६ मिलीमीटर झाले होते. साच्यातून निघालेला आकार प्लास्टिकमध्ये कुठंतरी राहिलेला असतो. ऊब मिळाली की ते तिकडं परतू बघतं. वजनानं हळूहळू वाकलेल्या भागात हे जास्त जाणवतं. धडकेनं घडी पडलेल्या भागाकडून एवढी अपेक्षा ठेवू नका.

उरलेलं काम हीट गनचं. गन १०-१२ सेंटिमीटर लांब धरायची आणि सतत फिरवत राहायची, दोसा तव्यावर पसरताना पळी फिरवतो तशी. फक्त पोचा तापवायचा नाही, आजूबाजूचा सगळा पत्रा तापवायचा. नाहीतर मऊ आणि कडक भागाच्या सीमेवर नवीन घडी बसते. शक्यतो आतल्या बाजूनं. काळ्या पट्टीवर ११० दिसलं की गन बाजूला, बॉडी ठोकळ्यावर, आणि वरून वाळूची पिशवी.

वाळूची पिशवी ही फौंड्रीतल्या माणसालाच सुचावी. मांजरपाटाची पिशवी शिवून त्यात चाळलेली कोरडी वाळू भरली, दोन किलो. कढईत कोमट केली, म्हणजे प्लास्टिकला एकदम गार लागत नाही. ती आकाराबरोबर बसते आणि सगळीकडं सारखा भार देते. पंधरा मिनिटं हलवायचं नाही. ओल्या फडक्यानं पटकन गार करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. मी तसं करून पाहिलं तेव्हा कड परत वाकली. आपोआप गार होऊ दिलेली कड तशीच राहिली.

बॉनेट चार वेळा बसवलं. प्रत्येक वेळी थोडंच. संध्याकाळी पट्टी ठेवली तेव्हा एका बाजूला दोरा जाईल एवढी फट होती. आईनं सगळ्यांसाठी चहा टाकला.

उजव्या मडगार्डला मात्र माझ्या हातून नुकसान झालं. दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर थकलेली असताना बसले आणि गन एका जागी थांबली. किती वेळ, तीन सेकंद असतील. चाकाच्या कमानीच्या कडेला प्लास्टिक चकाकलं, मग त्यावर बारीक फोड आले. मी लगेच गन बंद केली. त्या रात्री झोप लागली नाही. नखाएवढी जागा होती, पण ती जागा आण्णांनी सव्वीस वर्षं सांभाळलेली होती. सकाळी त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "पुट्टीनं भरंल. आता आठ दिवस हात लावू नको." मी दहा दिवस लावला नाही.

फोड का येतात हे नंतर कळलं. जास्त तापमान हे एक कारण, आणि प्लास्टिकनं हवेतून शोषलेली ओल हे दुसरं. ती वाफ होऊन आतून फुगते. मी अल्कोहोलनं, साबणानं धुऊन नीट वाळवलंही नव्हतं. धुतल्यानंतर दोन-तीन दिवस कोरड्या जागी ठेवून मगच तापवा.

बंपर नायलॉनचा, त्याचं काम फारच सोपं निघालं. नायलॉन कोरडं असताना ६० अंशांच्या आसपासच सैल पडायला लागतं. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, मग दोन फळ्यांमध्ये क्लॅम्पनं आवळून रात्रभर. झालं सरळ. शिवाय नायलॉन पाणी पितं आणि पाणी प्यायलेलं नायलॉन चिवट असतं; वर्षानुवर्षं कोरड्या जागी पडलेलं ठिसूळ होतं. म्हणून सस्पेन्शनचे हातही मी त्याच पातेल्यात उकळून घेतले.

मधल्या त्या दहा दिवसांत दादाचा मुलगा त्याची रिमोटची बग्गी घेऊन आला. तिची बॉडी पातळ पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, ज्याला रिमोट गाड्यांचे शौकीन लेक्सन म्हणतात, आतून रंगवलेली. टपाला पोचा आणि बाजूला चीर. माझ्याकडं हीट गन आहे हे कळल्यावर त्याला थेट तेच हवं होतं. त्याला थांबवलं. लेक्सनच्या बॉड्या सपाट पत्रा तापवून साच्यावर ओढून बनवतात. त्या मऊ पडायला दीडशे अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि तेवढ्या तापल्या की पुन्हा सपाट व्हायला निघतात. आतला रंगही जातो. आम्ही नुसत्या हेअर ड्रायरनं ऊन करून अंगठ्यानं आतून पोचा बाहेर टाकला. घडीची रेघ राहिली, ती राहणारच. चिरेच्या टोकाला दोन मिलीमीटरचं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं पळत नाही. मग आतून पीओपीवाले सांध्यावर लावतात ती जाळीची पट्टी आणि वर बूट चिकटवायचा रबरी गोंद. फेव्हिक्विक तिथं लावू नका, ते वाळल्यावर काचेसारखं कडक होतं आणि पुढच्या धडकेला तडकतं. ॲसिटोन आणि थिनर तर लेक्सनच्या जवळपासही नकोत. पांढरं पडून जाळं धरतं.

आमच्या खांबाची चीर एबीएसची, तिला उलट ॲसिटोनच लागलं. आण्णांच्या पिशवीतल्या कांड्या बारीक चिरून काचेच्या बाटलीत घातल्या, त्या बुडतील एवढं ॲसिटोन ओतलं आणि झाकण लावून रात्रभर ठेवलं. सकाळी मधासारखी लाल खळ तयार. चिरेला इंग्रजी व्हीसारखी खाच करून त्यात ती भरली आणि मागून कीबोर्डच्या पाठीची पातळ पट्टी त्याच खळीनं चिकटवली. ही खळ वाळताना आकसते, म्हणून तीन थर, दर थराला एक दिवस. आणि एक गोष्ट अगदी जपून: ॲसिटोन पटकन पेट घेतं. बाटली आणि हीट गन एका खोलीत ठेवू नका, खळ लावलेल्या भागाला निदान दोन-तीन दिवस उष्णता दाखवू नका, खिडकी उघडी ठेवा. मी ते काम गच्चीवर केलं.

१९ मे पासून पुन्हा मडगार्ड. या वेळी आण्णांनी चाकाच्या कमानीसाठी छोटा ठोकळा केला, आणि गन मी धरलेली असताना ते शेजारी बसून मोठ्यानं आकडे वाचत राहिले. "नव्वद. शंभर. एकशे पाच. बास." हौद्याचा पीळ काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पीळ एका जागी नसतो, तो लांबभर पसरलेला असतो, म्हणून लांबी सगळी तापवावी लागते आणि उलट्या बाजूला किंचित जास्त पिळून धरावं लागतं. दोन माणसं हवीतच. आईनं एक टोक धरलं.

मग पुट्टी, ४०० चा पाण्याचा पेपर, ८०० चा पेपर, प्रायमर. पांढऱ्या रेघांवर हलकी ऊब दिली तर त्या बऱ्याच फिक्या होतात, बाकीच्या प्रायमरखाली गेल्या. फोडांची जागा भरून निघाली.

रंग द्यायला मी उशीर केला. जून उजाडला, पहिले पाऊस झाले, आणि ९ जूनला मारलेला लाल रंग वाळता वाळता दुधाळ पडला. दमट हवेत स्प्रेचा द्रव उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि रंग असा धुरकटतो. बघून अगदी रडू आलं. पण ही चूक सुटते. पुरता वाळू दिला, हलका पेपर मारला आणि उघडीप मिळायची वाट बघितली. १६ जूनला दुपारी दोन तास चांगलं ऊन पडलं. डबा कोमट पाण्यात ठेवून, पातळ थर देत, दुपारी अडीचच्या आत काम उरकलं. तुम्ही कोल्हापुरात असाल तर रंगाचं काम मे संपायच्या आत करा.

खर्चाचं विचारणारे विचारतीलच. हीट गन, थर्मामीटर, अल्कोहोल, ॲसिटोन १८०, कीबोर्ड, आणि पुट्टी-प्रायमर-रंग-पेपरचे १,१००, असे सगळे मिळून ३,७२० रुपये. परदेशी पार्सलचे ५,५३० वेगळे. जुनी बॅटरी मेली होती, नवी ७.२ व्होल्टची आणि चार्जर २,३००. सागवान आणि वाळू घरची.

२३ जून, रविवार, सकाळी साडेसहा. तपोवन मैदानावर रात्रीच्या पावसानं माती दबलेली, धूळ नव्हती. मी, आण्णा, माझा मुलगा आणि दादाचा मुलगा. नवी काच, नवी जाळी, लाल रंग. उन्हात तिरकं बघितलं तर बॉनेट उजवीकडं अजून किंचित खाली आहे. ते मला दिसतं, आण्णांना दिसतं, मुलांना दाखवलं तरी दिसलं नाही. रिमोट मी आण्णांच्या हातात दिला. त्यांनी ती सरळ रेषेत लांबवर नेली, थांबवली, आणि मागं घेतली. वळवली नाही. मग रिमोट नातवाकडं दिला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

घरी आल्यावर त्यांनी बॉनेटचा ठोकळा मागितला. मला वाटलं तो आता सरपणात जाणार. त्यांनी तो उलटा केला, तळाला पेन्सिलीनं तारीख घातली, गाडीचं नाव लिहिलं, आणि फौंड्रीत प्रत्येक पॅटर्नवर टाकतात तसा नंबर टाकला. त्याखाली त्यांची सही होती आणि शेजारी जागा सोडलेली. पेन्सिल त्यांनी माझ्याकडं दिली.

ठोकळा आता कपाटात आहे. माळ्यावर काही ठेवायचं नाही असं आईनं सांगितलंय.